शुद्ध मराठीतलं पत्र

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून सावरीचं एक झाड आहे. जानेवारी सरत आला की त्याची पानं गळतात आणि नुसत्या काटेरी फांद्यांवर लाल, जाड पाकळ्यांची फुलं येतात. फूल खाली पडलं की थप्प असा आवाज होतो. मुलुंडला डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांच्या तो ओळखीचा आहे. सकाळी वॉचमन ती फुलं झाडूने एका कोपऱ्यात लोटतो, आणि त्याच दिवसांत लिफ्टमध्ये दहावीची मुलं भेटायला लागतात. हातात पॅड, डोळ्यांखाली काळं, शेजारी आई. "कुठलं सेंटर आलं रे?" असं लिफ्टमधलं कुणीतरी विचारतंच.

परवा मी विचारलं. चौथ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "घाटकोपर, काकू. लांब पडलं." मी "ऑल द बेस्ट" म्हणाले आणि भलत्याच मजल्यावर उतरले.

परीक्षेचे दिवस आले की लोकांना स्वतःचे पेपर आठवतात, हातावर सांडलेली शाई आठवते, दही-साखर आठवते. माझ्या दहावीतलं मला फारसं काही आठवत नाही. मला आठवतो तो दुसऱ्यांच्या मुलांच्या दहावीचा एक हंगाम. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याची मला लाज वाटते. थोडी जुनी झाल्यावर ही लाज विरेल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही.

मी एका संस्थेत अहवाल आणि देणगीदार सांभाळायचं काम करत होते. वस्त्यांमधल्या मुलांसाठी आम्ही अभ्यासिका चालवायचो. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं, टीव्ही, मिक्सर, भांडणं. अशा घरातल्या मुलाला संध्याकाळी दोन तास बसायला शांत जागा मिळावी, एवढीच मूळ कल्पना. संस्था वसुधाताईंनी काढली होती. त्यांनी आयुष्यातली तीस वर्षं, नोकरी, तब्येत सगळं तिच्यात घातलं होतं. ऑफिस मुलुंडला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. आमच्यात साहेब-मॅडम कुणी नव्हतं. सगळ्या ताया आणि सगळे दादा. नवा माणूस आला की आम्ही हे अभिमानाने सांगायचो.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली अभ्यासिका उज्ज्वला सांभाळायची. ती त्याच वस्तीत वाढलेली. वडील बसमध्ये कंडक्टर होते. तिनं एम.ए., बी.एड. केलेलं. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान. मी तेव्हा एक्केचाळीसची होते. पण ती मला 'मंजिरीताई, तुम्ही' म्हणायची आणि मी तिला 'उज्ज्वला, तू'. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तसं झालं आणि ते तसंच राहिलं, आणि सगळ्या ताया-दादांच्या त्या ऑफिसात ते मला कधी खटकलं नाही.

अभ्यासिका भरायची ती वस्तीतल्या विहारात. स्टेशनवरून रिक्षा अर्ध्या चढापर्यंत जायची, पुढे पायऱ्या. फेब्रुवारीत दुपारची उन्हं तिथल्या पत्र्यांवर अशी तापायची की चढताना दोन्ही बाजूंनी धग लागायची. पायऱ्यांवर पाण्याचे निळे पाइप, वाळत घातलेल्या कुरडया, दारात बसून ब्लाउजना हुक लावणाऱ्या बायका. आणि वर विहारात पोचलं की एकदम गार. फरशी पुसलेली, चपला बाहेर रांगेत, आत तीस-पस्तीस मुलं मांडी घालून वाचतायत आणि भिंतीवर मूर्तीशेजारी निळ्या कोटातली, हातात पुस्तक घेतलेली ती तसबीर.

त्या वर्षी उज्ज्वलानं एक गोष्ट केली. मुलं अभ्यासिकेतून नऊला घरी जायची, पण ज्यांच्या घरी लहान भावंडं किंवा म्हातारी माणसं होती, त्यांना येताच यायचं नाही. त्यांना घरीच बसावं लागायचं आणि गल्लीत टीव्ही चालू. तर ही घरोघर गेली. परीक्षा संपेपर्यंत सात ते नऊ टीव्ही बंद, एवढंच मागितलं. एकदा मी तिच्याबरोबर होते. एक आजी ऐकेना. "माजी मालिका असते तवा," म्हणाली.

"आजी, तुमची मालिका उद्या दुपारी परत लागते," उज्ज्वला म्हणाली. "तुमच्या रोहितचा पेपर परत लागत नाही."

आजी हसली. तिनं रिमोटच उज्ज्वलाच्या हातात दिला. "घिऊन जा. नव वाजता आनून दे."

त्या फेब्रुवारीत सात वाजता त्या अख्ख्या गल्लीतला आवाज खाली बसायचा. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, लांबून हायवेची घरघर यायची, आणि मधेच एखाद्या घरातून कुणीतरी मोठ्याने इतिहास पाठ करत असायचं. मी खूप वस्त्या पाहिल्या. एका बाईने मागितली म्हणून अशी शांतता मिळाल्याचं दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही.

आता मी काय केलं, ते.

महिन्याभरात देणगीदारांची बैठक झाली. पडद्यावर मी त्या गल्लीची गोष्ट सांगितली. इंग्रजीत, छान रंगवून. 'आम्ही घरोघर गेलो,' असं सांगितलं. उज्ज्वला मागच्या रांगेत बसली होती. आलेल्या पाहुण्यांना गुलाब द्यायचं काम तिच्याकडे होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

वार्षिक अहवालात अभ्यासिकेचा फोटो घातला. फोटो मीच निवडला. संगणकावर बसलेल्या मुलाला म्हटलं, "वरून जरा काप, मुलांचे चेहरे मोठे दिसतील." वर ती तसबीर होती. मुलांचे चेहरे मोठे दिसले हे खरं. आणि खाली ओळीत मी 'विहार' लिहिलं नाही, 'सामुदायिक सभागृह' लिहिलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागत नसे.

तिच्या बोलण्यात घाईत 'ण'चा 'न' व्हायचा. लिहिताना कधी चुकायची नाही, बोलतानाच. एका संध्याकाळी ती मुलांना व्याकरण शिकवत होती आणि मी दारात उभी होते. ती म्हणाली, "पानी हा शब्द घ्या." मी दारातून म्हटलं, "पाणी. ण. बाणातला ण." चेष्टेच्या सुरात म्हटलं, पण मुलं हसली. तिच्याकडे बघून हसली.

बाहेर पडताना ती मला म्हणाली, "ताई, मी काय म्हनाले ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो गं."

"मुलांनाही कळलं होतं."

एवढंच. मला वाटलं, किती लावून घेते ही.

एकदा ती काही कागद द्यायला आमच्या घरी आली. आईने चहा केला, चांगल्या कपात दिला, चकली दिली. उज्ज्वलाच्या कामाबद्दल आस्थेने विचारलं. मग, आमच्याकडे विचारतात तसं, सहज, आडनाव विचारलं, आणि त्यावरून उलगडेना तेव्हा 'म्हणजे कोण तुम्ही?' असंही विचारलं. तिनं सांगितलं. आई एक क्षण थांबली आणि कौतुकाने म्हणाली, "हो का? वाटत नाही हो अजिबात."

मी हसले. ते कसलं हसू होतं, मला आजही सांगता येत नाही. कप उचलायच्या निमित्ताने मी आत गेले. नंतर तिला खाली सोडायला निघाले तेव्हा दाराबाहेर म्हटलं, "आई जुन्या वळणाची आहे गं. मनावर घेऊ नकोस."

ती सँडलचा पट्टा लावत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या आई निदान तोंडावर बोलल्या."

त्याच हंगामात संस्थेत कार्यक्रम प्रमुखाची जागा निघाली. सगळ्या अभ्यासिकांचं काम त्या जागेवरून बघायचं. दोघींनी अर्ज केले. एक उज्ज्वला, अकरा वर्षं काम केलेली. दुसरी गिरिजा, दोन वर्षांपूर्वी लागलेली, मुलुंडचीच, हुशार, इंग्रजी उत्तम, वागायला गोड. गिरिजाचा यात काही दोष नव्हता. मुलाखत घ्यायला आम्ही तिघं होतो. वसुधाताई, मी, आणि एक विश्वस्त. ते वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना काका म्हणायचो.

उज्ज्वला आकाशी रंगाची साडी नेसून आली होती. अर्धा तास बोलली. प्रत्येक अभ्यासिकेत काय अडतंय, कुठली मुलं कुठल्या महिन्यात गळतात, मुली का गळतात, सगळं तिला पाठ होतं. आणि त्या अर्ध्या तासात तिनं एकही 'ण' चुकवला नाही. प्रत्येक 'ण'च्या आधी ती किंचित थांबत होती. ती मेहनत मला ऐकू येत होती. खोलीत आणखी कुणाला ऐकू आली असेल असं वाटत नाही.

शेवटी काकांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या? म्हणजे, आडनावावरून पटकन लक्षात येत नाही."

उज्ज्वला म्हणाली, "काका, तुम्हाला गाव विचारायचंय की जात?"

पंखा फिरत होता. टेबलावरच्या अर्जाचा कोपरा फडफडत होता, त्यावर मी पेपरवेट ठेवलं. फार काळजीपूर्वक ठेवलं. काका म्हणाले, "छे छे, सहज विचारलं." वसुधाताई म्हणाल्या, "उज्ज्वला, इथे असं काही नसतं, तुला माहितीये." मी पेपरवेट आणखी थोडं सरकवलं.

ती गेल्यावर वसुधाताई म्हणाल्या, "कामाची आहे गं. पण जरा धार आहे तिच्या बोलण्यात. देणगीदारांसमोर, सरकारी लोकांसमोर... तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते मला नक्की माहीत होतं. ती जागा उज्ज्वलाची होती. मी म्हणाले, "फील्डवर तिला पर्याय नाही."

वाक्य कौतुकाचं होतं. वसुधाताईंनी मान डोलावली, काकांनीही डोलावली. तिला वस्तीतच ठेवायला हवं, तिथेच तिची खरी गरज आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. गिरिजाची निवड झाली. अर्जाच्या मागे शेरा लिहायचा असतो. तो मी लिहिला: 'संवादकौशल्यात सुधारणेस वाव.' ज्या बाईनं नुसत्या बोलण्याने एका गल्लीचे टीव्ही बंद केले होते, तिच्याबद्दल.

बातमी तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी डोंगर चढून गेले. ऊन उतरत होतं, मुलं अजून यायची होती, ती फरशी पुसून फडकं पिळत होती. मी सांगितलं. तिनं फडकं दोरीवर टाकलं, नीट पसरलं.

"तुम्ही आत काय बोललात?" तिनं विचारलं.

"मी तुझ्याच बाजूने बोलले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असणार. ती म्हणाली, "बरं." मग मुलं यायला लागली आणि ती त्यांना पाणी द्यायला उठली.

तिनं लगेच राजीनामा दिला नाही. पेपर सुरू व्हायचे होते. पहिल्या पेपरला ती सगळ्यांना घेऊन सेंटरवर गेली. गेटबाहेर आयांची गर्दी, उसाच्या रसाची गाडी, शेवटच्या क्षणी गाईडची पानं उलटणारी मुलं. एका मुलीनं हॉलतिकीट घरी विसरलं म्हणून रडायला सुरुवात केली, तर उज्ज्वला चप्पल हातात घेऊन धावत डोंगर चढून ते घेऊन आली. मी तिथे होते. मी त्या मुलीला धीर देत बाटलीतलं पाणी पाजत होते. कुणीतरी माझा तसा फोटोही काढला. तोही पुढे कुठेतरी छापला.

शेवटचा, भूगोलाचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं. एकच पान. राजीनामा देत असल्याचं लिहिलं होतं, आणि कारण स्वच्छ लिहिलं होतं: निवडीत माझ्या कामाचा नाही, माझ्या जातीचा विचार झाला. मुलाखतीत मला विचारलेला प्रश्न आणि माझ्याबद्दल लिहिलेला शेरा, दोन्ही मला लेखी मिळावेत.

वसुधाताई रडल्या. अगदी खऱ्या रडल्या. "तीस वर्षं मी ज्यांच्यासाठी झिजले, त्यांनी हे म्हणावं?" त्या 'ज्यांच्यासाठी'मध्ये काय होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "तू लिही उत्तर. तुझी भाषा चांगली आहे."

मी लिहिलं. घरी बसून, दोन दिवस घेऊन. 'आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास त्याबद्दल संस्थेस मनःपूर्वक खेद वाटतो. तथापि, संस्थेच्या स्थापनेपासून येथे जातिभेदास कोणतेही स्थान नाही, हे आपण स्वतः अनुभवले आहे.' असं दीड पान. कुठेही उणा शब्द नाही, कुठेही आवाज चढलेला नाही. तिनं मागितलेल्या दोन्ही गोष्टींचा उल्लेखसुद्धा नाही. वसुधाताईंनी वाचून माझा हात दाबला. काका म्हणाले, "उत्कृष्ट ड्राफ्ट." पत्र वसुधाताईंच्या सहीने गेलं. उज्ज्वलाचं उत्तर आलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. तिच्या अभ्यासिकेतला एकही मुलगा नापास झाला नव्हता. ऑफिसात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पुढच्या वर्षी त्या गल्लीत टीव्ही बंद करायला कुणी गेलं नाही. गिरिजा तीन वर्षांनी परदेशी गेली आणि तिच्या जागेवर मी आले. वसुधाताई थकल्या. आणि गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमच्या एका मोठ्या देणगीदार संस्थेनं सगळ्यांना कळवलं की कामाच्या ठिकाणी भेदभाव होतो का, हे तपासा आणि समतेचं धोरण करा. एक प्रशिक्षक बाई दोन दिवसांसाठी आल्या. सुती कुर्ता, शांत आवाज. त्यांनी फार काही केलं नाही. भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि म्हणाल्या, "प्रत्येकाचं नाव, पद आणि घर कुठल्या भागात, एवढं लिहा."

अर्ध्या तासाने कागद भरला. मग कुणी काही बोलायची गरज उरली नाही. ऑफिसात बसणारे सगळे इमारतीत राहणारे, आणि वस्तीत काम करणारे सगळे वस्तीत राहणारे. एकही नाव इकडचं तिकडे नाही. आडनावं तर आम्ही लिहिलीच होती. इतकी वर्षं त्या ऑफिसात काढली, पण हे मला असं एका नजरेत कधी दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर, मी ते नीट बघितलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "बोलायचं राहून गेलेलं कुणाला काही बोलायचंय?"

मी खाली बघत होते. आमचा सुनील उठला. भांडुपच्या अभ्यासिकेचा, चौदा वर्षांपासूनचा, कधी बैठकीत तोंड न उघडणारा माणूस. म्हणाला, "उज्ज्वलाताईंचं काय?"

नव्यांना ती माहीत नव्हती. त्यानं सांगितलं, थोडक्यात आणि नीट. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मंजिरीताई, राग मानू नका. त्या पत्रावर सही वसुधाताईंची होती, पन लिहिलं कोनी ते आम्हाला सगळ्यांना तेव्हाच समजलेलं. भाषेवरून कळतं ना."

सगळ्यांना. म्हणजे त्या पत्रानंतरची आठ वर्षं मी ज्यांच्याबरोबर डबा खात होते, ज्यांच्या मुलांच्या बारशाला गेले होते, त्या सगळ्यांना. कान तापतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी "हो, मीच लिहिलं होतं" म्हणाले. याहून जास्त शब्द निघाले नाहीत. ज्या भाषेचं एवढं कौतुक, तिनं ऐन वेळी पाठ फिरवली.

उज्ज्वलाला शोधणं अवघड नव्हतं, तरी ते करायला मला दिवाळीनंतरचा महिना उजाडला. ती चेंबूरच्या एका शाळेत शिकवत होती. फोनवर म्हणाली, "या." शाळेच्या आवारात बदामाच्या झाडाखाली एक बाक होता, तिथे बसलो. आत सराव परीक्षा चालू होती. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते.

मी म्हणाले, "उज्ज्वलाताई, तुमची मी..."

"हे 'ताई', 'तुम्ही' कधीपासून?" ती म्हणाली. "मी तुम्हाला 'मंजिरी, तू' म्हनू का?"

"म्हण ना," मी म्हणाले. पण म्हणायच्या आधी मी एक क्षण थांबले होते. तेवढा क्षण तिला पुरला. तिनं मला 'मंजिरी' म्हटलं नाही.

मी सगळं सांगितलं. मुलाखतीत काय बोलले, शेरा, पत्र. माफी मागितली. माझे डोळे भरून आले आणि ती शांतपणे माझं संपायची वाट बघत बसली.

"तुम्हाला हलकं वाटायला पाहिजे म्हनून तुम्ही आलात," ती म्हणाली. "ते काय मी देऊ शकत नाही. माझं ऐका. तुमच्याकडून गेल्यावर मी तीन संस्थांमध्ये अर्ज केला. तिन्हीकडून तुमच्या ऑफिसात फोन केलेला. 'कामसू आहे, पन भांडखोर आहे, जातीचं काढते.' दोघांनी मला हे तोंडावर सांगितलं. मी काही वर्षं शिकवन्या घेतल्या, मग ही शाळा मिळाली. तर मला तोंडी माफी नको. तेव्हा लेखी दिलं होतं ना? आता पन लेखी द्या. संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून."

मी घरी येऊन लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात 'कळत-नकळत' होतं. ते खोडलं. दुसऱ्यात 'त्या काळच्या परिस्थितीत' होतं. तिसऱ्यात माझ्या वेदनेवर एक परिच्छेद होता. शेवटी सहा वाक्यं उरली. कोणी काय विचारलं, कोणी काय लिहिलं, निवड का चुकीची होती, आधीचं पत्र खोटं होतं, ते आम्ही मागे घेतो, आपली माफी मागतो.

विश्वस्तांना ते नको होतं. दोन महिने गेले. वसुधाताई मला घरी बोलावून म्हणाल्या, "माझ्या हयातीत नको गं. लोक माझं एवढंच लक्षात ठेवतील." मला त्यांची दया आली, आणि त्याच दयेच्या मागे लपून मी आणखी एक महिना घालवला. शेवटी काका म्हणाले, "द्या. पण 'जात' हा शब्द काढा. तो कायद्याच्या दृष्टीने वाईट आहे. 'आपल्याला समान वागणूक मिळाली नाही' यात सगळं आलं."

मी काढला. वाद घातला, थोडासा. मग काढला. स्वतःला म्हटलं, काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं.

शिक्का मारलेलं पत्र घेऊन मी पुन्हा चेंबूरला गेले. यंदाचीच गोष्ट, याच महिन्यातली. शाळेत दहावीची प्रात्यक्षिकं चालू होती. उज्ज्वला बाहेर आली, चष्मा लावून उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"एक शब्द राहिलाय," ती म्हणाली आणि कागद मला परत दिला.

मी समजावायला तोंड उघडलं. विश्वस्त, कायदा, तीन महिने. ती ऐकत नव्हती. तिनं पर्समधून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. लाल शाईचं, पेपर तपासायचं.

मी तो कागद बाकावर ठेवला. 'आपल्याला' आणि 'समान' या दोन शब्दांच्या मधे खाली हंसपदाची खूण केली आणि वर लिहिलं, 'जातीमुळे'. कागदपत्रात असं काही मागाहून घातलं की शेजारी सही करावी लागते. मी सही केली, पदासकट.

तिनं मोबाइलवर फोटो घेतला. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. आत घंटा झाली. "मला जायला लागेल," म्हणाली आणि गेली. चहा विचारला नाही, पुन्हा या म्हणाली नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी विश्वस्तांना काय केलं ते कळवलं, आणि सोमवारी सगळ्यांसमोर पूर्ण पत्र वाचून दाखवलं, त्या शब्दासकट. विश्वस्तांनी मला पद सोडायला सांगितलं. मी सोडलं. जागेची जाहिरात निघाली आहे. त्यांना इंग्रजी उत्तम येणारा माणूस हवा आहे. सुनीलने अर्ज केला आहे, आणि मुलाखतीला विश्वस्तांबरोबर बाहेरची दोन माणसं असावीत असं फील्डवरच्या सगळ्यांनी सह्या करून मागितलं आहे. काय होतं बघू. मला तिथे आता मत नाही.

ऐकणाऱ्या दोघी-तिघी मला म्हणाल्या, "केवढं धाडस केलंस गं." मी त्यांना सांगितलं नाही, ते इथे सांगते. पेन हातात घेतल्यावर मी लगेच लिहिलं नव्हतं. आधी मान वर केली होती. शाळेच्या गेटपाशी एक शिपाई उभा होता, जिन्यात दोन शिक्षिका बोलत होत्या. त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडे बघत नाही ना, एवढं मी पाहून घेतलं, आणि मग तो शब्द लिहिला.

उज्ज्वला बघत होती.